तांबडीचं पाचवं पिल्लू

मुलगी घरी आली तेव्हा तिचं वजन दीड किलोला थोडं कमी होतं. "दिवाळीला आम्ही याहून जास्त बेसन आणतो," असं मी डॉक्टरांना म्हणाले आणि एकटीच हसले. भीती वाटली की मी विनोद करते. जुनी खोड आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी मी घरभर सगळ्यांच्या नकला करत फिरत होते आणि आई म्हणत होती, या पोरीले काहीच कसं वाटत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पुसदच्या शाळेतून रजा काढून मी बाभुळगावजवळच्या आमच्या गावी आले होते. आठवा महिना लागून आठवडाही झाला नव्हता. एका दुपारी कळा सुरू झाल्या आणि संध्याकाळी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. बारा दिवस ती काचेच्या पेटीत होती. तेराव्या दिवशी तिथल्या सिस्टरनं तिला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता पेटी तुम्हीच. दिवसभर छातीशी धरून ठेवायची. मध्ये कपडा नको, तिच्या अंगाला तुमचं अंग लागलं पाहिजे. दर दोन तासांनी दूध, झोपली असली तरी उठवून." मी मान डोलावली. वर्गात मुलं डोलावतात तशी, म्हणजे कळलेलं नसतं पण एकदाची घंटा व्हावी असं वाटत असतं.

खरं सांगायचं तर मला तिला उचलायची भीती वाटत होती. मानेखाली हात घातला की मान दुसरीकडेच जायची. फासळ्या मोजता येत होत्या आणि त्यांच्याखाली काहीतरी भराभर हलत होतं. ही माझ्या हातून पडेल, किंवा माझ्या अंगाखाली चेंगरेल, किंवा मी धरलेली असतानाच श्वास घ्यायचं विसरेल, अशा तीन भीत्या मी आळीपाळीनं बाळगून होते. दवाखान्यात सिस्टर होत्या तोवर निभावलं. गावाकडं येताना मी तिला दुपट्यात गुंडाळून पूजेचं ताट धरावं तशी हातांवर धरली होती. घर येईपर्यंत माझे दोन्ही हात बधिर झाले होते.

घरी आईनं टोपलं तयार ठेवलं होतं. कापसाचा पहिला वेचा होऊन गेला होता आणि समोरची खोली छताला टेकेल इतकी कापसानं भरली होती. पण टोपल्यातला कापूस त्यातला नव्हता. वेचणीला सुरुवात करायच्या दिवशी आमच्याकडं शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच कापसाला हात लावतात. त्या दिवशीचा कापूस आई देवाच्या वातींसाठी वेगळा ठेवते. तोच तिनं काढला होता. एकेक सरकी हातानं काढून, बोटांनी पिंजून, टोपल्यात चांगला वीतभर जाड थर केला होता.

"तुले बी असीच वाढोली," आई म्हणाली. "साडेसात महिन्याची होती तू. कापसात ठेवून ठेवून वाढोली."

ही गोष्ट मी जन्मभर ऐकत आले होते. लहानपणी कामाचा कंटाळा केला की घरात म्हणायचे, कापसात वाढलेली आहे ती, तिला कशाला सांगता. लग्नात माझ्या नवऱ्यालाही कुणीतरी हे ऐकवलं होतं. त्यामुळं त्या टोपल्याकडं बघून मला जरा धीर आला. मी आहे ना समोर, चांगली पासष्ट किलोची.

सिस्टरनं सांगितलेलं मी आईला सांगितलं. म्हणजे सांगितलं, पण जोर लावून नाही. "छातीशी बांधून ठेव म्हनत होत्या."

"दिवसभर असं बसून राह्यलं तं बाळंतिनीची कंबर जाईन," आई म्हणाली. "अन् एवढुसं लेकरू. दबलं-बिबलं तं?"

बस्स. मला तेवढंच ऐकायचं होतं. मला सुटल्यासारखं झालं, आणि त्याची आज लाज वाटते. टोपलं माझ्या खाटेशेजारी स्टुलावर ठेवलं गेलं. मी वाटीत दूध काढून द्यायची, आई टोपल्यावर वाकून चमच्यानं थेंब थेंब सोडायची. लंगोट बदलायचा तोही टोपल्यातच. दोन दिवसांत आम्हा दोघींपैकी एकीनंही तिला उचलून घेतलं नव्हतं, आणि एकीनंही तसं बोलून दाखवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तांबडी व्याली.

तांबडी म्हणजे आमच्या गोठ्यातली कुत्री. पाळली म्हणावी तर तिला कुणी पाळली नव्हती. तीन वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात ती आपण होऊन येऊन बसली आणि घरच्यासारखी वागायला लागली. बाबांच्या मागं शेतात जायची, त्यांच्या मागं परत यायची. आईला ती भाकरीपुरती ओळखायची. बाबांनी मात्र तिच्या तोंडात हात घालून अडकलेलं हाड काढलं तरी ती हूं की चूं करायची नाही.

बाळंतिणीच्या खोलीची खिडकी गोठ्यात उघडते. सव्वा महिना मी उंबरा ओलांडायचा नव्हता, म्हणून ती खिडकी म्हणजेच माझा टीव्ही होता. खाटेवर बसलं की बैलजोडी, एक गाय, पाण्याचं टाकं आणि कोपऱ्यातला सोयाबीनच्या कुटाराचा ढीग दिसायचा. कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा. त्या ढिगात खळगा करून तांबडी पडली होती आणि तिच्या पोटाशी पिल्लं लागली होती. बाबा वाकून मोजत होते.

"पाच," ते खिडकीकडं बघून म्हणाले. "चार भक्कम हायेत. एक किरकोळ हाये."

किरकोळ पिल्लू मलाही दिसलं. बाकीच्यांच्या निम्मं. चौघं एकमेकांना तुडवत पीत होती आणि हे बाजूला पडून डोकं इकडून तिकडं हलवत होतं, तेही मधूनमधून. मी गाऊनला हात पुसत मजेत बघत होते. दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी बघायला मिळालं होतं.

तांबडीनं मान वळवली, त्या पाचव्याला हुंगलं, आणि तोंडात धरलं. मला वाटलं, जवळ घेते आहे. ती उठली तशी बाकीची चार गळून पडली. तिनं त्याला खळग्यातून बाहेर आणलं, गोठा ओलांडला आणि पाण्याच्या टाक्याजवळ ओल्या जमिनीवर नेऊन ठेवलं. मग परत येऊन पडली आणि उरलेल्या चौघांना चाटायला लागली.

"बाबा! पाहा ना, टाकून दिलं तिनं!"

बाबांनी कडबा खाली ठेवला, पिल्लू उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि तिच्या पोटाशी लावलं. तांबडीनं त्यांना लावू दिलं. ते पाठमोरे झाले तशी तिनं नाकानं त्याला ढकललं. रागानं नाही. गुरकावलीही नाही. आपल्या ताटातला खडा बाजूला करावा तेवढ्याच सहज. ते घरंगळत खळग्याच्या काठाशी गेलं आणि तिथंच राहिलं.

मागं आई डिंकाचे लाडू वळत होती. तिला मी म्हणाले, "अवं, तिचंच पिल्लू हाये, अन् ती असं काहून करून राह्यली?"

"कुत्रीले समजते बाई," आई म्हणाली.

"काय समजते?"

 आईनं हातातला लाडू वळून झालेला असूनही परत वळला. मग म्हणाली, "तू खिडकी लाव. बाळंतिनीनं असं पाहू नये."

मी खिडकी लावली नाही. पण त्या क्षणापासून मला जी धडकी भरली ती सांगता येत नाही. आईनं गाळलेलं वाक्य मला पूर्ण ऐकू आलं होतं. कोणतं जगणार आणि कोणतं नाही, ते कुत्रीला समजतं. कुत्रीला समजतं, तर बाईला का समजणार नाही? गेले दोन दिवस मी मुलीला उचलत नव्हते ते भित्री म्हणून, असं मी समजून चालले होते. पण मलाही आतून काही कळलं असेल तर? माझे हात पुढं होत नव्हते ते त्यामुळंच असतील तर? मी टोपल्याकडं पाहिलं. मुलगी शांत झोपली होती. कापसातून तिचा चेहरा तेवढा वर होता. मी पटकन नजर काढून घेतली, आणि नजर काढून घेतली म्हणून आणखी घाबरले.

मग मी त्या पिल्लासाठी इरेला पेटले. दुसरं काही सुचत नव्हतं. ते जगलं तर आईचं म्हणणं खोटं, एवढंच डोक्यात होतं.

"बाबा, त्याले कापसात ठेवा."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. बाळंतिणीशी वाद घालू नये असं त्यांना कुणीतरी शिकवलं असावं. समोरच्या खोलीतून त्यांनी दोन ओंजळी कापूस आणला, लोखंडी घमेल्यात पसरला, पिल्लू त्यात ठेवलं आणि घमेलं तांबडीच्या तोंडाशी सरकवलं. तिनं हुंगलं आणि मान फिरवली.

तास-दीड तास असाच गेला. मी खिडकीतून हुकूम सोडायची आणि बाबा ऐकायचे. पिल्लू वर ठेवा, त्याच्यावर अजून कापूस टाका, आता तिला लावून बघा. ते लावायचे, ती ढकलायची. एकदा तर ती स्वतः उठली, घमेल्यात तोंड घालून त्याला कापसातून उपसलं आणि पुन्हा टाक्याजवळ नेऊन ठेवलं. त्याच्या तोंडाला कापसाचे धागे चिकटले होते. "अवं भवाने, तुहंच हाये ना थे!" मी खिडकीतून ओरडले. बैलांनी माना वर केल्या. तांबडीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत काहीही नव्हतं, ना राग ना लाज, आणि मला तिची भयंकर भीती वाटली. सात-आठ वर्षांच्या मुलीला वाटावी तशी.

मधे आई एकदा खोलीत येऊन टोपल्यात डोकावून गेली. "झोपली हाये. झोपू दे," म्हणाली. गुणी मुलगी, मी मनात म्हटलं. ना आजीला त्रास, ना आईला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बाबांनी घमेल्यातून पिल्लू उचललं आणि ते गोठ्याच्या बाहेर गेले. पुरायला नेलं, असं मी धरून चालले. खिडकीचा गज धरून बसले. हाक मारायची हिंमत होईना, कारण त्यांनी हो म्हटलं असतं. थोड्या वेळानं ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात टोपलंभर ढेप, म्हणजे सरकीची पेंड, होती आणि पिल्लू नव्हतं. ते बैलांना ढेप घालू लागले. वाकले तेव्हा मला दिसलं की त्यांचं बनियन पोटापाशी फुगलं आहे.

"बाबा, थे काय हाये?"

"पिल्लू."

"कापसातून काहून काढलं?"

बाबा कामाच्या मधे बोलतात तसं, माझ्याकडं न बघता बोलले. "कापूस का शेगडी हाये? ज्याच्यात ऊब असते त्याची धरून ठेवते, बस. हे तं गार दगड हाये. दगड कापसात ठेवला तं का तपते? हिवाळ्यात वासरू झालं की आम्ही पोटाशीच घेतो. कुत्री गार वस्तूले काहून हात लावन?" आणि ते पुढच्या बैलाकडं गेले.

तासाभरानं त्यांच्या बनियनमधून आवाज आला. बारीक, चिडका. बाबांनी गळ्यातून हात घालून पिल्लू काढलं, आणि गरम असतानाच, लगबगीनं, तांबडीच्या पोटाशी ठेवलं. तिनं हुंगलं. परत हुंगलं. मग तिनं जीभ काढली आणि त्याला असं चाटलं की ते उलटं पडलं. उलटं पडलेल्याला तिनं पुढच्या पायानं ओढून घेतलं. बाबांनी त्याचं तोंड धरून लावून दिलं आणि ते प्यायला लागलं.

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. आईला हाक मारून सांगणार होते, बघ, काही समजत नाही तुझ्या कुत्रीला. तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

सातवीला उष्णतेचा धडा मी शिकवते. लोकरीच्या कपड्यात स्वतःची उष्णता नसते, ती शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बर्फ गोधडीत गुंडाळला तर लवकर वितळत नाही, हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करून दाखवते. मुलं चकित होतात. मी दरवर्षी त्यांना हसते.

मी टोपल्यात हात घातला. कापूस बाजूला केला आणि मुलीची पावलं धरली. गार होती. पोटऱ्या गार होत्या. मी तिच्या पोटावर हात ठेवला, तिथंही माझ्या हाताहून गार होतं. सकाळी आठला तिनं चार चमचे दूध घेतलं होतं आणि आता दोन वाजून गेले होते. सहा तास मी कुत्रीला शिव्या देत बसले होते आणि शेजारी माझी मुलगी गुणी मुलीसारखी गार होत होती. मी तिच्या तळव्याला टिचकी मारली. तिनं डोळे उघडले नाहीत. तोंड थोडंसं वाकडं केलं, रडल्यासारखं, आणि आवाज आलाच नाही.

"आई!"

आई दारात आली. तिला माझ्या तोंडाकडं बघूनच कळलं असावं.

"आई, गार पडली. उचल तिले. उचल ना!"

आई दारातच उभी. चौकट धरून. मी आयुष्यात तिला असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. सापाला झाडूनं मारणारी बाई ती.

"माह्याच्यानं नाही होत पोरी."

"असं काय करते? तूच तं मले वाढोली ना कापसात!"

"मी नाही वं," आई म्हणाली आणि रडायलाच लागली. "मी नाही वाढोली. मले लय भेव लागे. वीस दिवस म्या तुले हात नाही लावला. तुह्या मोठ्याईनं पोटाशी धरली तुले, लुगड्याच्या आत. दिवसभर. तिच्याच आंगावर झोपे तू. म्या नुसता कापूस पिंजून देल्ला. मंग मोठी झाल्यावर तुले काय सांगू?"

मोठ्याई म्हणजे माझी मोठी काकू. मी कॉलेजात असताना ती गेली. ती कधीच काही बोलली नव्हती.

आईवर रागवायला वेळ नव्हता. दारात उभी असलेली आई आणि खाटेवर बसलेली मी, यांत तसा काही फरकही नव्हता. कुणी येणार नाही, एवढं मला कळलं. मी गाऊनची बटणं काढली. घाईत दोन तुटली. टोपल्यात दोन्ही हात घालून तिला उचलली, मान घरंगळली तशी तळव्यात धरली, अंगावरचं दुपटं टाकून दिलं आणि तिला छातीवर ठेवली. ती इतकी गार होती की माझ्या अंगावर काटा आला. वरून गाऊन ओढला, त्यावर शाल, त्यावर आईनं कुठूनशी आणून टाकलेली गोधडी. आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. तिचं पोट माझ्या पोटाला लागत होतं की नाही ते मी मोजत होते. लागलं. बराच वेळ नाही. लागलं. माझा श्वास मोठा होता, तिचा त्यात हरवायचा, म्हणून मी श्वास धरून बसत होते.

बाहेर बाबांनी आशाताईला, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेला, फोन लावला होता. ती त्यांना ओरडून सांगत होती ते मला आतपर्यंत ऐकू आलं, "आधी छातीशी धरा म्हना, मंग गाडी. काढू नका म्हना तिले रस्त्यानं." बाबा गावातला ऑटो घेऊन आले. दोन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली तरी वारा आत येत होताच. आई माझ्या अंगावर आडवी होऊन बसली, वारा तिच्या पाठीला लागावा म्हणून. यवतमाळपर्यंत ती तशीच बसून होती. अर्ध्या वाटेत कुठंतरी छातीवर काहीतरी हललं. मग हनुवटीखाली ओलं, कोमट लागलं. तिनं तोंड उघडलं होतं आणि ती शोधत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई मला जे बोलल्या ते सगळं खरं होतं, म्हणून मी लिहीत नाही. पाच दिवस ठेवून घेतलं. पहिला दिवस ती परत पेटीत होती. मग मला एका खोलीत बसवलं. तिथं आणखी तीन-चार बाया छातीशी पोरं बांधून टेकून बसल्या होत्या. तासन्‌तास. कंबर जाते हे आईचं म्हणणं खरं होतं. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली, घरातलं दुसरं कुणीही धरू शकतं, आजी आहे ना. आईनं माझ्याकडं बघितलं नाही. ती पडद्याआड गेली, पोलक्याची हुकं काढून आली, पदर गुंडाळला आणि समोर बसली. "दे," म्हणाली. "पडली तं?" हेही तीच म्हणाली. मी दिली. दीड तास आई हलली नाही. कपाळावर डास बसला तरी तिनं हात उचलला नाही, मीच उडवला.

बाबांचा रोज फोन यायचा. मी आधी विचारायची, "पिल्लू?"

"हाये," बाबा म्हणायचे. "पिऊन राह्यलं. माय चाटते त्याले."

सहाव्या दिवशी आम्ही घरी आलो. मुलगी माझ्या गाऊनच्या आत होती. मी खोलीत जायच्या आधी सरळ गोठ्यात गेले, सव्वा महिना गेला उडत. तांबडी कुटारात पडली होती. पिल्लांनी चांगलं अंग धरलं होतं, डोळे अजून मिटलेले. मी मोजली. मग परत मोजली. चार होती.

बाबा टाक्याजवळ उभे होते.

"बाबा, पाचवं?"

"थे गेलं."

"कधी?"

"तुम्ही गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी पाह्यलं तं थंड पडलेलं."

"मंग फोनवर खोटं काहून बोलले?"

"सांगून काय करतो? तुह्या छातीशी पोट्टी होती." बाबांनी टाक्यात हात बुडवून तोंडावरून फिरवला. "नेऊन पुरावं म्हून म्या हात घातला. तं गुरकावली. माह्यावर. दात दाखोले. आजवर कधी नाही. सकाळपासून संध्याकाळलोक तिनं थे पुढच्या दोन पायांत धरलं, हे चार पिऊन राह्यले अन् ती त्यालेच चाटून राह्यली. गार होतं. मेलेलं होतं. तरी देये ना."

"मंग?"

"मंग काय. दुसऱ्या दिवशी थोडी डुलकी लागली तिले, तवा काढलं."

मी तिथंच उभी राहिले. जिवंत होतं, गार होतं, तर हिनं टाकून दिलं. मेलं, गार होतं, आणि हिनं दिलं नाही. मधे फक्त एक दुपार आणि एक रात्र ते तिच्या पोटाशी होतं. मला वाटत होतं की उचललं, धरलं, म्हणजे भीती संपली. ती तर आत्ता सुरू झाली होती. आतापर्यंत होती ती काहीच नव्हती. गाऊनच्या आत मुलगी झोपेत चुळबुळली आणि तिची बोटं माझ्या कातडीत रुतली.

आई मागून आली. तिच्या चेहऱ्यावर दवाखान्यातल्या त्या दीड तासाचा आनंद अजून होता. हात धुऊन, पदराला पुसून आली होती. "दे माह्याजवळ," तिनं दोन्ही हात पुढं केले. "पाच दिवसाची अवघडली हायेस. जराशी आडवी हो."

"नाही!"

मी इतक्या मोठ्यानं बोलले की गोठ्यातली गाय बिचकली. बाबा वळले. आईचे हात तसेच पुढं राहिले, आणि माझे दोन्ही हात गाऊनवर घट्ट बांधलेले.